परवानगी विचारणारा संगणक : घरच्या विंडोजवर यूएसी बंद करावे का?

विंडोज संगणकावर एखादी सेटअप फाइल चालवली की पडदा मंद होतो आणि मधोमध एक चौकट येते. या ॲपला संगणकात बदल करू द्यायचे का, हा तिचा प्रश्न आणि उत्तरासाठी 'येस' आणि 'नो' ही दोन बटणे. या व्यवस्थेचे नाव यूजर अकाउंट कंट्रोल, संक्षेपाने यूएसी. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर ती घरोघरी पोचली आणि ती बंद कशी करायची ही विचारणाही तेव्हापासूनच सुरू झाली. चौकटीची कटकट होते, ती कोणी वाचत नाही आणि व्हायरस तसेही शिरतात, ही बंद करणाऱ्यांची कारणे. ती काढली की संगणक उघडा पडतो, हे चालू ठेवणाऱ्यांचे उत्तर. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र हा वाद बहुधा चौकटीपाशीच थांबतो, आणि चौकट हा त्या व्यवस्थेचा फक्त दिसणारा भाग आहे. तिच्यामागे अधिकारांची विभागणी आहे. चौकट गप्प करणे आणि विभागणी मोडणे ही दोन वेगळी कामे आहेत. दोहोंचे परिणाम वेगळे आणि त्यांना असलेले पर्यायही वेगळे.

पार्श्वभूमी

प्रोग्रामला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत, हे तत्त्व जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणावरील १९७५ सालच्या निबंधात मांडले. त्याच निबंधात आणखी एक तत्त्व आहे : संरक्षणाची सोय वापरणाऱ्याच्या सहज अंगवळणी पडेल अशी हवी, नाहीतर ती नीट वापरली जाणार नाही. यूएसीचा पुढचा सगळा इतिहास या दोन तत्त्वांच्या ओढाताणीत गेला.

युनिक्सच्या जगात सर्वाधिकारी 'रूट' खाते आणि रोजचे साधे खाते हा भेद सुरुवातीपासून रुळलेला होता. सगळे अधिकार न सोपवता एखाद्या कामापुरते ते देणारी 'सूडो' ही आज्ञा १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील केंद्रात तयार झाली. मॅक ओएस टेन २००१ साली आली ती रूट खाते बंद ठेवूनच, आणि २००४ च्या पहिल्या आवृत्तीपासून उबंटूनेही सूडोचाच मार्ग धरला.

घरगुती विंडोजची वाट वेगळी होती. विंडोज ९५, ९८ आणि 'मी' (एमई) या आवृत्त्यांत अधिकारांचा भेदच नव्हता. संगणकापुढे बसलेला माणूस आणि त्याने उघडलेला प्रत्येक प्रोग्राम यांना काहीही करता येई. कार्यालयांसाठीच्या विंडोज एनटीमध्ये १९९३ पासून खात्यांचे वेगवेगळे अधिकार होते. २००१ च्या विंडोज एक्सपीने तोच पाया घरात आणला, पण एक्सपी बसवताना तयार होणारी खाती ॲडमिनिस्ट्रेटरचीच असत. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनीही वापरणारा ॲडमिन आहे असेच गृहीत धरले. साधे खेळसुद्धा आपले गुण प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्ये लिहीत. कोणी शहाणपणाने मर्यादित खाते वापरायला गेले तर निम्मे प्रोग्राम बंद पडत, आणि परतीचा मार्ग म्हणजे पुन्हा ॲडमिन खाते. या सवयीच्या चक्रात काट्यासारखे शिरण्यासाठी यूएसी आले.

चौकटीमागची यंत्रणा

लॉग-इन झाले की विंडोज त्या व्यक्तीसाठी एक टोकन बनवते. टोकन म्हणजे त्या खात्याचे अधिकार नोंदलेले ओळखपत्र. चालू होणारा प्रत्येक प्रोग्राम त्याची प्रत बाळगतो. यूएसी चालू असताना ॲडमिन खात्याला अशी दोन ओळखपत्रे मिळतात, एक पूर्ण अधिकारांचे आणि एक छाटलेले. डेस्कटॉप, ब्राउझर, वर्ड हे सारे छाटलेल्या टोकनावर चालतात. पूर्ण टोकन बाजूला राहते आणि चौकटीत 'येस' म्हटल्यावरच, त्या एका प्रोग्रामपुरते, बाहेर येते. ज्याचे खाते साधे, म्हणजे स्टँडर्ड यूजरचे आहे, त्याच्याकडे दुसरे टोकनच नसते. त्याला 'येस'ऐवजी ॲडमिन खात्याचा पासवर्ड विचारला जातो.

मंद होणारा पडदा ही सजावट नाही. त्या क्षणी विंडोज वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर जाते. मागे दिसतो तो मूळ डेस्कटॉपचा काळवंडलेला फोटो, आणि त्यावरच्या चौकटीपर्यंत इतर प्रोग्रामांचा हात पोचत नाही. एखाद्या प्रोग्रामने माउस स्वतःच हलवून 'येस' दाबू नये यासाठी ही तजवीज आहे. दुरून मदत करणाऱ्या साध्या साधनांमध्ये या वेळी पलीकडच्या माणसाला काळा पडदा दिसतो तो याच कारणाने. फोनवरून 'आम्ही कंपनीतून बोलतोय' असे सांगून संगणकाचा ताबा घेणाऱ्या भामट्यालाही मग घरच्या माणसालाच 'येस दाबा' म्हणावे लागते. भरवसा बसला असेल तर माणूस दाबतोही, पण थांबून विचार करायला एक जागा तरी मिळते.

याखेरीज दोन यंत्रणा पडद्याआड काम करतात. पहिली विश्वासाच्या पातळ्यांची : कनिष्ठ, मध्यम, उच्च आणि प्रणालीची. खालच्या पातळीवरचा प्रोग्राम वरच्या पातळीवरच्या खिडकीला आज्ञा पाठवू शकत नाही. साध्या फोल्डरमधली फाइल ओढून ॲडमिन अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामवर सोडली तर ती जात नाही, हा अनेकांना आलेला अनुभव याच नियमाचा परिणाम. व्हिस्टावरील इंटरनेट एक्सप्लोरर ७ चा संरक्षित मोडही याच पातळ्यांवर उभा होता आणि यूएसी बंद केले की तोही बंद पडे. दुसरी यंत्रणा जुन्या सॉफ्टवेअरसाठी आहे. जुना प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू लागला तर विंडोज ते लिखाण गुपचूप वापरणाऱ्याच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' या फोल्डरकडे वळवते. प्रोग्रामला काम झाल्यासारखे वाटते आणि सामायिक फोल्डर तसाच राहतो.

व्हिस्टाचा रोष आणि विंडोज ७ ची तडजोड

व्हिस्टाच्या सुरुवातीच्या काळात चौकटींचा अक्षरशः भडिमार होई. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच काही आकडे प्रसिद्ध केले. व्हिस्टाच्या पहिल्या काही महिन्यांत निम्म्या सत्रांमध्ये निदान एक तरी चौकट येत होती; सर्व्हिस पॅक १ या सुधारणासंचानंतर हे प्रमाण एक तृतीयांशावर आले. परवानगी मागणाऱ्या प्रोग्राम आणि कामांची संख्या वर्षभरात ७,७५,३१२ वरून १,६८,१४९ पर्यंत घसरली. मात्र एकूण चौकटींपैकी सुमारे ४० टक्के विंडोजच्या स्वतःच्याच घटकांमुळे येत होत्या. ॲपलने २००७ च्या एका जाहिरातीत या प्रकाराची टर उडवली : पीसी झालेल्या पात्रामागे काळा चष्मा लावलेला अंगरक्षक उभा आणि प्रत्येक वाक्याला परवानगी द्यायची की नाही असे विचारतो आहे.

या त्रासाला एक हेतूही होता. मायक्रोसॉफ्टचे अधिकारी डेव्हिड क्रॉस यांनी एप्रिल २००८ मध्ये एका परिषदेत उघड सांगितले, की वापरणाऱ्यांना त्रास व्हावा यासाठीच यूएसी आणले. तर्क असा, की चौकटींना कंटाळलेले ग्राहक सॉफ्टवेअर कंपन्यांकडे तक्रार करतील आणि कंपन्या ॲडमिन अधिकारांशिवाय चालणारे प्रोग्राम लिहू लागतील. वर दिलेली घसरण पाहता हा डाव बऱ्याच अंशी साधला. आज ब्राउझर, वर्ड प्रोसेसर, खेळ किंवा संदेशांची ॲप्स रोजच्या वापरात ही चौकट आणत नाहीत, त्याचे मूळ त्या वर्षांतल्या त्राग्यात आहे.

ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ ने चार पायऱ्यांचा स्लायडर दिला. सर्वांत वरची पायरी नेहमी विचारण्याची. दुसरी, जी मूळची निवड असते, ती फक्त बाहेरच्या प्रोग्रामांबाबत विचारते. विंडोजच्या स्वतःच्या ठरावीक, सही असलेल्या घटकांना न विचारता अधिकार मिळतात. तिसरीत प्रश्न तेच, पण पडदा मंद न करता, म्हणजे सुरक्षित डेस्कटॉपशिवाय. चौथी, 'कधीच विचारू नका'. या सवलतीची किंमत लगेच दिसली. २००९ च्या सुरुवातीला चाचणी आवृत्तीतच ब्लॉगलेखक लाँग झेंग आणि राफाएल रिव्हेरा यांनी दाखवून दिले, की की-बोर्डच्या कळा दाबल्याची नक्कल करणारी छोटी स्क्रिप्ट हा स्लायडरच तळाला नेऊ शकते, तेही एकही प्रश्न न येता. मायक्रोसॉफ्टने ते छिद्र बुजवले, पण सवलत कायम ठेवली.

बंद करण्याच्या बाजूने

सर्वांत वजनदार मुद्दा सवयीचा आहे. मायक्रोसॉफ्टच्याच आकडेवारीनुसार व्हिस्टामध्ये ८९ टक्के आणि सर्व्हिस पॅक १ मध्ये ९१ टक्के चौकटींना उत्तर 'होय' असे होते. यातली बहुतेक उत्तरे बरोबरच असणार, कारण माणूस बहुधा हवे तेच सॉफ्टवेअर बसवत असतो. पण दहापैकी नऊ वेळा एकच उत्तर द्यायचे असेल तर बोट प्रश्न वाचण्याआधी हलते. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली मेंदूच्या एमआरआय चित्रांवरून दाखवले, की तोच इशारा दुसऱ्यांदा दिसला तरी दृश्य माहितीवर होणारी मेंदूची प्रक्रिया ठळकपणे उतरते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील २०१० च्या अभ्यासात ४५ सहभागींपैकी ६९ टक्के जणांनी यूएसीचा अपेक्षेप्रमाणे उपयोग केला नाही, आणि ४५ च्या ४५ जण ॲडमिन खाते वापरत होते.

दुसरा मुद्दा, जे खरोखर मोलाचे असते ते चौकटीच्या अलीकडेच असते. मुलांचे फोटो, दहा वर्षांचे हिशेब, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड हे सारे वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असते आणि तिथे पोचायला ॲडमिन अधिकार लागत नाहीत. खंडणीखोर सॉफ्टवेअर छाटलेल्या टोकनावरही फोटो कुलूपबंद करू शकते. मे २०१७ मध्ये पसरलेले वॉनाक्राय तर फाइल-वाटपाच्या यंत्रणेतल्या दोषातून थेट आत शिरत होते. तिथे कोणाला विचारण्याचा प्रसंगच येत नव्हता. त्या दोषावरची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ती ज्यांनी बसवली ते वाचले, मग त्यांचा स्लायडर कुठेही असो.

तिसरा मुद्दा चौकट चुकवण्याचा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेली एक युक्ती नमुन्यादाखल पाहण्यासारखी आहे. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर हा सवलतीच्या यादीतला, म्हणजे न विचारता पूर्ण अधिकार मिळणारा प्रोग्राम. सुरू होताना तो एका विशिष्ट प्रकारची फाइल कशाने उघडायची हे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, शोधतो, आणि हा शोध आधी वापरणाऱ्याच्या स्वतःच्या विभागात घेतो. त्या विभागात कोणत्याही साध्या प्रोग्रामला लिहिता येते. तिथे आपल्या आज्ञेचा पत्ता लिहून इव्हेंट व्ह्यूअर सुरू केला की ती आज्ञा पूर्ण अधिकारांनिशी चालते आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. २०१७ च्या विंडोज १० आवृत्तीत ही वाट बंद झाली, पण तशाच दुसऱ्या वाटा त्याच वर्षी सापडल्या. मायक्रोसॉफ्टची भूमिकाही स्पष्ट आहे : यूएसी ही सुरक्षेची सीमारेषा नव्हे. कंपनीचे मार्क रसिनोविच यांनी २००७ आणि २००९ मध्ये लेख लिहून हेच सांगितले होते.

चालू ठेवण्याच्या बाजूने

वरच्या तीनही मुद्द्यांना मर्यादा आहेत. इव्हेंट व्ह्यूअरची युक्ती न विचारण्याची सवलत असलेल्या पायऱ्यांवरच चाले. स्लायडर सर्वांत वर असेल तर इव्हेंट व्ह्यूअरसाठीही चौकट येते, आणि आपण काहीच उघडलेले नसताना आलेली चौकट संशयास्पद ठरते. वापरणारा स्टँडर्ड खात्यात असेल तर सवलत मिळवायला पूर्ण टोकनच हाताशी नसते. म्हणजे या युक्त्या चौकटीचा फोलपणा जितका दाखवतात, तितकाच ॲडमिन खाते रोज वापरण्याचा धोकाही दाखवतात.

स्वतःच्या फाइली चौकटीअलीकडे असतात हे खरे, पण नुकसान किती खोल जाते ते अधिकारांवर ठरते. खंडणीखोर सॉफ्टवेअर बहुधा आधी विंडोजने ठेवलेल्या शॅडो कॉपी, म्हणजे फाइलींच्या जुन्या प्रती, पुसून टाकू पाहते आणि त्यासाठी पूर्ण अधिकार लागतात. अँटिव्हायरस बंद पाडणे, ड्रायव्हर घुसवणे, दुसऱ्या खात्यांच्या फाइली वाचणे यालाही तेच अधिकार हवेत. छाटलेल्या टोकनावर अडकलेली कीड एका खात्यापुरती राहते आणि ती काढता येते. पूर्ण अधिकार मिळवलेल्या किडीनंतर संगणक पुसून विंडोज नव्याने बसवणे हाच भरवशाचा उपाय उरतो. संगणक घरातले चारजण मिळून वापरत असतील तर हा फरक आणखी वाढतो, कारण एकाची चूक उरलेल्या तिघांना भोवते.

सवयीच्या मुद्द्याला उत्तर मिळते ते चौकटींच्या घटलेल्या संख्येत. आज साध्या वापरात आठवडाभर एकही चौकट न येणे नवलाचे नाही. दुर्मिळ झालेला प्रश्न वाचला जाण्याची शक्यता अधिक, आणि वाचायचेही फार नसते. चौकटीत प्रोग्रामचे नाव असते, प्रकाशकाचे नाव असते आणि फाइल कुठून आली याची ओळ असते. विंडोज १० पासून प्रकाशकाची सही पडताळता आली तर वरची पट्टी निळी दिसते, प्रकाशक अज्ञात असेल तर पिवळी. त्याहून सोपी कसोटी अशी, की आत्ता आपण स्वतः असे काही सुरू केले होते का? उत्तर नाही असेल तर बटणही 'नो'च.

'बंद' या शब्दाचे दोन अर्थ

विंडोज ७ मध्ये स्लायडर तळाला नेला की यूएसी खरोखर बंद होई. त्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागे. विंडोज ८ पासून तळाची पायरी फक्त प्रश्न बंद करते. प्रोग्राम अजूनही छाटलेल्या टोकनावरच सुरू होतात, पण जो पूर्ण टोकन मागेल त्याला ते मुकाट्याने मिळते. नेहमीच्या सभ्य प्रोग्रामांसाठी विभागणी शिल्लक राहते. मागण्याची अक्कल असलेल्या व्हायरससाठी ती उरत नाही.

विभागणीच मोडायची असेल तर रजिस्ट्रीतले 'एनेबलएलयूए' हे मूल्य शून्य करावे लागते. मग ॲडमिन खात्यातला प्रत्येक प्रोग्राम, ब्राउझरसकट, पूर्ण अधिकारांनी चालतो आणि व्हर्च्युअलस्टोअरची सोयही थांबते. स्टँडर्ड खात्याला पासवर्ड विचारला जात नाही. काम नुसते अडते. विंडोज ८ मध्ये तर या स्थितीत स्टोअरमधली ॲप्स उघडेनाशी झाली. प्रणालीच्या पुढच्या रचनेत यूएसी इतके मुरले होते, की ते काढून उरलेले शाबूत ठेवणे शक्य राहिले नव्हते.

व्यवहारात यूएसी अनेकदा मालकाच्या निर्णयाने बंद झालेलेच नसते. संगणक फॉरमॅट करून चोरीची विंडोज आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअर बसवणारा दुरुस्तीवाला अँटिव्हायरसबरोबर यूएसीही बंद करून देतो, कारण क्रॅक चालवताना दोन्ही आड येतात. ज्या घरात अज्ञात उगमाचे सॉफ्टवेअर सर्वांत जास्त, तिथेच मग प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही.

इतर प्रणाल्यांतील स्थिती

लिनक्समध्ये सूडो पासवर्ड विचारते आणि काही मिनिटे पुन्हा विचारत नाही. कटकट कमी करण्याचा हा जुना तोडगा. मॅकमध्ये २०१५ पासून तर रूटलाही प्रणालीच्या मुख्य फाइली बदलता येत नाहीत. २०१८ च्या मोहावे आवृत्तीमध्ये कॅमेरा आणि मायक्रोफोनसाठी, २०१९ च्या कॅटालिनामध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स या फोल्डरांसाठीही प्रत्येक ॲपला परवानगी मागावी लागू लागली. यूएसीची टर उडवणाऱ्या ॲपलला या वेळी व्हिस्टाच्याच उपमा ऐकाव्या लागल्या. तरी मॅकचा प्रश्न नेमक्या जागी विचारलेला आहे : प्रणालीला कोण हात लावतो याबरोबरच माणसाच्या फाइलींना कोण हात लावतो, हेही तो विचारतो. विंडोज १० मध्ये २०१७ पासून असलेली 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' ही सोय त्याच दिशेची आहे. ती मुद्दाम चालू करावी लागते.

मधले मार्ग

चौकट नकोशी होण्यामागे पुष्कळदा एखादाच प्रोग्राम असतो, म्हणून उपायही त्या प्रोग्रामवरच करणे बरे. नवी आवृत्ती बहुधा ॲडमिन अधिकार मागत नाही. जुना प्रोग्राम प्रोग्राम फाइल्सऐवजी वापरणाऱ्याच्या फोल्डरमध्ये बसवला, किंवा त्याला हव्या त्या एकाच फोल्डरवर लिहिण्याची मुभा दिली, तरी प्रश्न थांबतो. रोज पूर्ण अधिकारांनीच चालवावा लागणारा विश्वासू प्रोग्राम टास्क शेड्यूलरमध्ये सर्वोच्च अधिकारांसह नोंदवून ठेवता येतो. मग त्या एका प्रोग्रामपुरती चौकट जाते आणि बाकीची व्यवस्था जागेवर राहते.

दुसरा मार्ग खात्यांचा. रोजच्या वापराला स्टँडर्ड खाते आणि पासवर्ड असलेले वेगळे ॲडमिन खाते ठेवले की 'येस'च्या जागी पासवर्ड येतो. मुलांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या खात्यांसाठी ही रचना विशेष उपयोगी, कारण निर्णय पासवर्ड माहीत असलेल्याकडेच येतो. स्वतःच्या फाइलींसाठी मात्र यातले काहीच पुरत नाही. त्यांना संगणकापासून तोडून ठेवलेल्या हार्ड डिस्कवरचा बॅकअपच हवा.

मायक्रोसॉफ्टची पुढची चालही याच दिशेने आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'ॲडमिनिस्ट्रेटर प्रोटेक्शन' या विंडोज ११ साठीच्या रचनेत पूर्ण टोकन बाजूला ठेवलेलेच नसते. गरज पडली की प्रणाली एका लपवलेल्या, स्वतंत्र खात्यातून ते बनवते, पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा पाहून देते आणि काम संपताच नष्ट करते. विंडोज ७ ने दिलेली न विचारण्याची सवलत तिच्यात नाही, आणि यूएसीला जी सुरक्षेची सीमारेषा म्हणणे टाळले होते, तशीच सीमारेषा म्हणून ती आखलेली आहे.

या साऱ्यावरून घरच्या संगणकापुरता निर्णय पुरेसा स्पष्ट होतो. एकापेक्षा जास्त माणसे वापरत असतील, किंवा इंटरनेट, बँक आणि फोटो एकाच यंत्रावर असतील, तर यूएसी चालूच असावे आणि शक्य तिथे स्टँडर्ड खाते वापरावे. ॲडमिन खातेच वापरायचे असेल तर स्लायडर सर्वांत वर ठेवणे मूळच्या पायरीपेक्षा भक्कम. तिसरी पायरी सुरक्षित डेस्कटॉप गमावते, त्यामुळे पडदा मंद व्हायला फार वेळ घेणाऱ्या जुन्या यंत्रापुरतीच ती समजण्यासारखी आहे. पूर्ण बंदीला सबळ कारण फक्त अशा यंत्रावर मिळते जे जाळ्याला जोडलेले नाही, ज्यावर जपण्यासारखे काही नाही आणि जे प्रयोग फसला तर पुसून पुन्हा उभे करता येते.